वलंदाज गोलंदाज: मार्को व्हॅन बास्टेन आणि मधल्या आघाडीवीराचा पेशा

फुटबॉलच्या अकरा जणांच्या मांडणीत प्रतिस्पर्ध्याच्या गोलजाळ्याच्या सर्वांत जवळ वावरणारा आणि गोल करणे हेच ज्याचे पहिले काम समजले जाते तो मधला आघाडीवीर, ज्याला पूर्वी सेंटर फॉरवर्ड आणि आता सरसकट स्ट्रायकर म्हटले जाते, हा त्या खेळातील सर्वांत जास्त मोबदला मिळवणारा आणि सर्वांत जास्त मार खाणारा कारागीर होय. या कारागिरीचा इतिहास एखाद्याच माणसाच्या आधारे लिहायचा झाल्यास नेदरलँड्सच्या मार्को व्हॅन बास्टेनची निवड समर्पक ठरते. तो आपल्या पिढीतील श्रेष्ठ आघाडीवीर होता हे त्याचे एक कारण झाले. परंतु त्याहून महत्त्वाचे कारण असे की डच फुटबॉल उघडपणे व्यावसायिक झाल्यानंतरच्या दहाव्या वर्षी त्याचा जन्म झाला आणि खेळाडूच्या पायांना व त्याच्या कराराला कायद्याचे खरे संरक्षण मिळण्याच्या अगदी उंबरठ्यावर तो निवृत्त झाला. या दोन घटनांमधल्या काळात हा पेशा जसा होता तसा, त्याच्या सगळ्या वैभवासह आणि सगळ्या निर्दयपणासह, व्हॅन बास्टेनच्या कारकिर्दीत उमटलेला दिसतो.

मराठी कागदपत्रांत डचांना ‘वलंदाज’ म्हटले जाई आणि वेंगुर्ल्याच्या वखारीमुळे कोकणाला हे लोक व्यापारी म्हणून चांगले परिचयाचे होते. परंतु फुटबॉलच्या बाबतीत हे व्यापारी राष्ट्र कमालीचे सोवळे होते. पिम म्युलियर या तरुणाने 1879 मध्ये हार्लेम येथे देशातला पहिला क्लब काढला, 1889 मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि त्यानंतर साठाहून अधिक वर्षे या संघटनेने खेळासाठी पैसे घेणे हा गुन्हा मानला. हा खेळ सुखवस्तू घरांतील मुलांनी इंग्लंडकडून उचलला होता आणि पैसे घेऊन खेळणे म्हणजे मजुरी, ही त्यांची समजूत पुढे कामगारवस्त्यांतील मुले मैदानावर आली तरी नियमांच्या रूपाने टिकून राहिली. त्याचा फटका विशेषकरून आघाडीवीरांना बसला, कारण परदेशी क्लबांची मागणी त्यांनाच असे. जावा बेटावरील पेकालोंगान येथे जन्मलेला बेप बाखाउस 1937 मध्ये फ्रान्समधील मेत्स या क्लबात व्यावसायिक झाला आणि त्याच्यासाठी राष्ट्रीय संघाचे दार बंद झाले; रॉटरडॅमचा फास विल्कस 1949 मध्ये मिलानच्या इंटर क्लबाकडे गेला तेव्हा त्याच्यावरही तीच वेळ आली आणि राष्ट्रीय संघात परतण्यासाठी त्याला 1955 पर्यंत थांबावे लागले.

हा सोवळेपणा शेवटी समुद्राने मोडला असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही. 1953 च्या 31 जानेवारीच्या रात्री आलेल्या वादळी भरतीने झीलंडचे बांध फुटले आणि देशात 1,836 माणसे मृत्युमुखी पडली. पूरग्रस्तांच्या मदतीसाठी 12 मार्चला पॅरिसमध्ये भरवलेल्या सामन्यात परदेशी खेळणाऱ्या, म्हणजेच संघटनेच्या लेखी वाळीत टाकलेल्या, डच व्यावसायिकांनी फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाला 2-1 असे हरवले. आपले उत्तम खेळाडू आपणच हाकलून लावले आहेत हे सर्व देशाला त्या एका संध्याकाळी दिसले. पुढच्याच वर्षी मूळ संघटनेला न जुमानता एक स्वतंत्र व्यावसायिक संघटना उभी राहिली, काही महिने दोन्ही संघटनांच्या स्पर्धा समांतर चालल्या आणि नोव्हेंबर 1954 मध्ये समेट होऊन पैसे घेऊन खेळण्याला मान्यता मिळाली. 1956 पासून देशपातळीवरची सर्वोच्च साखळी स्पर्धा, जिला एरेडिव्हिजी म्हणजे ‘मानाची श्रेणी’ म्हणतात, सुरू झाली.

मार्सेल व्हॅन बास्टेनचा जन्म 31 ऑक्टोबर 1964 रोजी उत्रेख्त शहरात झाला. मार्सेल हे नाव उच्चारताना आजीची जीभ अडखळे म्हणून घरात त्याचा मार्को झाला आणि तेच नाव पुढे जगभर गेले. त्याच्या जन्मानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी, 15 नोव्हेंबरला, पुढे डच फुटबॉलचा सर्वांत मोठा तारा ठरलेला सतरा वर्षांचा योहान क्रायफ ॲम्स्टरडॅमच्या अयाक्स क्लबाकडून आपला पहिला साखळी सामना खेळला. या दोघांची पुढची गाठभेट लक्षात घेता हा योगायोग नोंदवून ठेवण्यासारखा आहे. मार्कोचे वडील योप हे स्वतः उत्रेख्त परिसरातील क्लबांतून खेळलेले होते, आणि धाकट्या मुलाच्या फुटबॉलकडे त्यांनी जे लक्ष पुरवले ते लाडाचे कमी आणि तालमीचे अधिक होते.

कुटुंब राहत असे ती ओख इन अल ही वस्ती शहराच्या पश्चिमेला, कालव्यांनी वेढलेली, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आखून बांधलेली आणि बऱ्याचशा रस्त्यांना संगीतकारांची नावे दिलेली अशी होती. उत्रेख्त हे रेल्वेचे आणि यंत्रकारखान्यांचे शहर, आणि तिथल्या फुटबॉलची वंशावळ त्या कारखान्यांशी जोडलेली आहे. डॉस हा शहरातला क्लब 1958 मध्ये राष्ट्रीय विजेता झाला होता. व्हेलॉक्स हा दुसरा. आणि तिसरा एलिंक्वाइक, जो शहराच्या वायव्येकडील झाउलन या कामगारवस्तीतला, वेर्कस्पोर या रेल्वेडबे व यंत्रे बनवणाऱ्या कारखान्याच्या सावलीत वाढलेला होता. एलिंक्वाइकने 1950 च्या दशकात दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या तत्कालीन डच वसाहतीतून पाच खेळाडू आणले. लोकांनी त्यांना ‘पाच पानांचे क्लोव्हर’ असे लाडके नाव दिले आणि त्यांच्यापैकी हम्फ्रे मिनाल्स 1960 मध्ये डच राष्ट्रीय संघातून खेळणारा सुरिनाममध्ये जन्मलेला पहिला खेळाडू ठरला. रूड गुलिट आणि फ्रँक रायकार्ड या सुरिनामी वंशाच्या मित्रांबरोबर व्हॅन बास्टेनने पुढे मिलानमध्ये जे काही केले त्याची एक दूरची पायवाट याच झाउलनच्या मैदानातून जाते, ही गोष्ट त्याच्या चरित्रांत सहसा सांगितली जात नाही.

व्यावसायिकतेचा खर्च तीन क्लबांना वेगवेगळा पेलेनासा झाला तेव्हा 1970 मध्ये त्यांच्या व्यावसायिक शाखा एकत्र करून एफ. सी. उत्रेख्त हा क्लब बनवला गेला आणि जुन्या क्लबांच्या हौशी शाखा मात्र आपापल्या नावाने चालू राहिल्या. ही दुमजली रचना, म्हणजे खाली हजारो हौशी क्लब आणि वर मोजके व्यावसायिक क्लब, हे डच फुटबॉलचे खरे यंत्र आहे. हौशी क्लबात सहा-सात वर्षांच्या मुलापासून पन्नाशीच्या गृहस्थापर्यंत सर्वांचे संघ असतात, शनिवार-रविवारी दिवसभर मैदाने भरलेली असतात, चहाकॉफीचा कट्टा आणि मुलांना सामन्याला घेऊन जाण्याची जबाबदारी सभासद-पालकच सांभाळतात, आणि व्यावसायिक क्लबांचे हेर याच गर्दीतून मुले टिपतात. मार्को असाच वर चढला: आधी एडो नावाच्या छोट्या क्लबात थोडा काळ, मग यूव्हीव्ही या जुन्या क्लबात सुमारे नऊ वर्षे, आणि 1980 मध्ये एका हंगामापुरता एलिंक्वाइकमध्ये. स्वतःच्या गावचा व्यावसायिक क्लब हाताशी असताना 1981 मध्ये तो ॲम्स्टरडॅमच्या अयाक्सकडे गेला.

अयाक्सची स्थापना 1900 मधली. 1971, 1972 आणि 1973 अशी सलग तीन वर्षे युरोपीय चषक जिंकून या क्लबाने एक विशिष्ट खेळपद्धती रूढ केली होती, जिच्यात खेळाडूंच्या जागा ठरलेल्या असल्या तरी माणसे त्या जागांमध्ये फिरत राहत. या पद्धतीत मधल्या आघाडीवीराकडून केवळ चेंडू जाळ्यात ढकलण्याची अपेक्षा नसे. गोलाकडे पाठ करून आलेला चेंडू थांबवणे, दोन्ही कडांवरून धावणाऱ्या साथीदारांना तो देणे, बचावपटूला आपल्यामागे ओढून मोकळी जागा निर्माण करणे आणि त्या जागेत दुसऱ्याला जाऊ देणे, हेही त्याचेच काम. व्हॅन बास्टेनची उंची 1.88 मीटर होती. इतक्या उंच माणसाकडून सामान्यतः हेडरची, म्हणजे डोक्याने मारलेल्या चेंडूची, अपेक्षा केली जाते. परंतु त्याच्या दोन्ही पायांत बुटक्या खेळाडूची चपळाई आणि तोल होता, आणि हा संयोग दुर्मीळ असल्यामुळेच इटालियन वृत्तपत्रांनी त्याला पुढे ‘उत्रेख्तचा राजहंस’ म्हटले. उपमा नीटस आहे, मात्र तिच्यात एक फसवेपणाही आहे, कारण तो मैदानावर प्रत्यक्षात कोपराला कोपर लावणारा, रागीट आणि सूड लक्षात ठेवणारा खेळाडू होता; असे नसते तर त्या काळच्या बचावपटूंसमोर तो एक हंगामही टिकला नसता.

3 एप्रिल 1982 रोजी नाय्मेखेनच्या एन. ई. सी. संघाविरुद्ध तो पहिल्यांदा अयाक्सच्या मुख्य संघातून बदली खेळाडू म्हणून उतरला, आणि ज्याच्या जागी उतरला तो खेळाडू होता काही महिन्यांपूर्वीच क्लबात परतलेला क्रायफ. सतरा वर्षांच्या या मुलाने त्या सामन्यात गोलही केला. तरी त्याची जागा लगेच पक्की झाली नाही, कारण मधल्या आघाडीवीराच्या जागी विम कीफ्ट होता, ज्याने त्याच हंगामात साखळी सामन्यांत 32 गोल करून युरोपीय सुवर्ण बूट, म्हणजे सर्व युरोपीय साखळ्यांत मिळून सर्वाधिक गोल करणाऱ्याला दिला जाणारा मान, मिळवला होता. 1982-83 मध्ये व्हॅन बास्टेनला 20 सामने मिळाले आणि त्याने 9 गोल केले. 1983 च्या उन्हाळ्यात कीफ्ट इटलीतील पिसाला गेला, जागा रिकामी झाली, आणि तिथून पुढे सलग चार हंगाम एरेडिव्हिजीतील सर्वाधिक गोल व्हॅन बास्टेनच्याच नावावर लागले.

त्या पहिल्याच मोकळ्या हंगामात एक विलक्षण सामना झाला. क्रायफला अयाक्सने नवा करार नाकारला होता आणि तो चिडून थेट रॉटरडॅमच्या फेयेनूर्डकडे, म्हणजे हाडवैऱ्याकडे, निघून गेला होता. 18 सप्टेंबर 1983 रोजी दोन्ही संघ ॲम्स्टरडॅममध्ये भिडले तेव्हा अयाक्सने 8-2 असा विजय मिळवला आणि व्हॅन बास्टेनने हॅटट्रिक, म्हणजे एकाच सामन्यात तीन गोल, केली. परंतु हंगाम संपला तेव्हा साखळीचे विजेतेपद आणि राष्ट्रीय चषक दोन्ही फेयेनूर्डकडेच होते. गोलांचा पाऊस आणि विजेतेपद यांचा संबंध वाटतो तितका सरळ नसतो याचा पुरावा अयाक्सने दोन वर्षांनी पुन्हा दिला: 1985-86 मध्ये संघाने साखळीत 120 गोल केले, त्यांपैकी 37 एकट्या व्हॅन बास्टेनने केवळ 26 सामन्यांत केले, स्पार्टा रॉटरडॅमविरुद्ध तर एकाच सामन्यात सहा, युरोपीय सुवर्ण बूटही त्यालाच मिळाला, आणि तरीही विजेता ठरला तो आइंडहोव्हनचा पी. एस. व्ही. युरोपीय स्पर्धेत 1984 मध्ये लक्झेंबर्गच्या रेड बॉइज डिफरडँजविरुद्धच्या 14-0 अशा विजयात त्याने पाच गोल केले होते. अशा सामन्यांमुळे आकडे फुगतात हे खरे, पण सहा हंगामांत 133 साखळी सामने आणि 128 गोल हे प्रमाण केवळ दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांच्या जिवावर साधत नाही.

1985 च्या उन्हाळ्यात क्रायफ अयाक्सकडे परतला, या वेळी प्रशिक्षक म्हणून, आणि प्रशिक्षकाची अधिकृत पदविका नसल्यामुळे ‘तांत्रिक संचालक’ अशी पळवाट असलेली पदवी घेऊन. त्याने व्हॅन बास्टेनला कर्णधार केले. 9 नोव्हेंबर 1986 रोजी डेन बॉसविरुद्ध व्हॅन बास्टेनने हवेत आडवे होऊन, पाठ जमिनीकडे आणि पाय डोक्याच्या वर नेत, बायसिकल किक म्हणतात त्या पद्धतीने जो गोल केला, तो डच दूरचित्रवाणीवर आजही दाखवला जातो. त्यानंतर महिन्याभरातच, डिसेंबरमध्ये, ख्रोनिंगेनविरुद्धच्या सामन्यात त्याच्या घोट्याला दुखापत झाली. येथे एक उपरोध आहे, कारण ज्या खेळाडूच्या पायांचा बळी पुढे बचावपटूंच्या धसमुसळेपणाने घेतला असे सर्रास मानले जाते, त्याची मूळ दुखापत त्याने स्वतःच दुसऱ्यावर केलेल्या टॅकलमध्ये, म्हणजे घसरत जाऊन चेंडू हिसकावण्याच्या प्रयत्नात, झाली होती. घोट्याच्या सांध्यातील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत मऊ आवरण, एकदा झिजले की पुन्हा वाढत नाही. विश्रांती हा एकच उपाय त्या वेळी हाताशी होता आणि नेमकी तीच परवडणारी नव्हती. क्रायफशी झालेला समझोता व्हॅन बास्टेनने नंतर स्वतःच सांगितला आहे: सराव आणि काही साखळी सामने सोडले तरी चालतील, युरोपीय सामने मात्र खेळलेच पाहिजेत. 13 मे 1987 रोजी अथेन्समध्ये राष्ट्रीय चषकविजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पूर्व जर्मनीच्या लोकोमोटिव्ह लाइपझिगविरुद्ध एकमेव गोल त्याच्याच हेडरने झाला. चषक अयाक्सला मिळाला; घोट्याचा हिशेब पुढच्या मालकाकडे गेला.

हा ‘मालक’ शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. त्या काळच्या नियमांनुसार करार संपला तरी खेळाडू मोकळा होत नसे, जुन्या क्लबाला मोबदला दिल्याशिवाय नवा क्लब त्याला घेऊ शकत नसे, आणि मोबदल्यावरून बोलणी फिसकटली तर खेळाडू दोन्ही क्लबांमध्ये लोंबकळत राही. दुसरीकडे इटलीने 1966 च्या विश्वचषकात उत्तर कोरियाकडून झालेल्या मानहानीनंतर परदेशी खेळाडू आणण्यास बंदी घातली होती. ती 1980 मध्ये उठली, पण थेंबाथेंबाने: प्रथम प्रत्येक क्लबाला एक परदेशी, 1982 पासून दोन, 1988 पासून तीन. जागा इतक्या थोड्या असल्यामुळे त्या भरण्यासाठी इटलीतील धनाढ्य मालक जगातले पहिल्या प्रतीचे खेळाडूच घेत, आणि ते बहुधा आघाडीचे किंवा मधल्या फळीचे असत, कारण बचावपटू घरी मुबलक तयार होत होते. 1980 च्या दशकातील इटालियन साखळीला जी चमक होती ती बऱ्याच अंशी या टंचाईने निर्माण केलेली होती.

मिलान हा क्लब त्या दशकात दोनदा दुसऱ्या श्रेणीत घसरला होता. 1986 मध्ये दूरचित्रवाणी-उद्योजक सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी याने तो विकत घेतला आणि 1987 मध्ये परदेशी खेळाडूंच्या दोन जागांवर दोन डच आणले. पी. एस. व्ही.च्या रूड गुलिटसाठी त्या काळच्या जागतिक उच्चांकाची रक्कम मोजावी लागली. करार संपत आलेला व्हॅन बास्टेन त्या मानाने कितीतरी स्वस्तात मिळाला. प्रशिक्षक म्हणून अरिगो साक्की याला आणले गेले, ज्याने स्वतः कधी व्यावसायिक फुटबॉल खेळले नव्हते आणि ज्याच्या पार्मा संघाने नुकतेच मिलानलाच हरवले होते. साक्कीने प्रत्येक बचावपटूने एकेका आघाडीवीराच्या मागे सावलीसारखे फिरण्याची इटालियन रीत मोडली आणि सर्व संघ एखाद्या पट्ट्यासारखा आखडून, एकत्र पुढे सरकत, चेंडू गेल्या क्षणी तो परत मिळवण्यासाठी तुटून पडेल अशी रचना बसवली. या रचनेत आघाडीवीर हा पहिला बचावपटू ठरतो, आणि दुखऱ्या घोट्याच्या माणसाला ही अखंड धावपळ जाचक वाटणे साहजिक होते. साक्की आणि व्हॅन बास्टेन यांचे पटले नाही, याचे मूळ स्वभावांत शोधण्याआधी या श्रमविभागणीत शोधले पाहिजे.

पहिल्या हंगामात शस्त्रक्रियेमुळे त्याला साखळीत फक्त 11 सामने खेळता आले आणि 3 गोल झाले. त्यांपैकी एक मात्र 1 मे 1988 रोजी माराडोनाच्या नापोलीविरुद्ध त्यांच्याच मैदानावर बदली खेळाडू म्हणून उतरून केलेला होता. तो सामना 3-2 असा जिंकल्यामुळे मिलानला स्कुदेत्तो, म्हणजे विजेत्या संघाने पुढील वर्षभर सदऱ्यावर मिरवायची तिरंगी ढाल, मिळाली. महिनाभर विसावलेल्या पायांनी तो पश्चिम जर्मनीत भरलेल्या युरोपीय राष्ट्रांच्या स्पर्धेला गेला, 12 क्रमांकाचा सदरा घालून, कारण पहिल्या पसंतीत त्याचे नाव नव्हते. इंग्लंडविरुद्ध तीन गोल, उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध अखेरच्या मिनिटांतला विजयी गोल, आणि 25 जून 1988 रोजी म्युनिकच्या ऑलिंपिक मैदानावर अंतिम सामन्यात आर्नोल्ड म्यूरनने डावीकडून उंच टाकलेला चेंडू जमिनीला टेकण्याआधीच, अशक्य वाटावा अशा तिरक्या कोनातून, सोव्हिएत गोलरक्षक रिनात दासायेवच्या डोक्यावरून जाळ्यात मारलेला तो गोल: हे सर्व राष्ट्रीय संघासाठीचे असल्यामुळे येथे फक्त उल्लेखापुरते. त्याच वर्षअखेरीस युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा ‘सोनेरी चेंडू’ त्याला मिळाला आणि मतदानात पहिले तिन्ही जण मिलानचे होते, कारण तिसऱ्या परदेशी जागेवर आता फ्रँक रायकार्ड आला होता.

पुढील दोन वर्षे या संघाने युरोपीय चषक जिंकला. 1989 च्या उपांत्य फेरीत रेआल माद्रिदशी त्यांच्या मैदानावर बरोबरी साधून देणारा हेडर व्हॅन बास्टेनचा होता, मिलानमधील परतीच्या सामन्यात माद्रिदचा 5-0 असा धुव्वा उडाला, आणि 24 मे रोजी बार्सिलोनातील अंतिम सामन्यात रुमानियाच्या स्तेआवाविरुद्धच्या 4-0 मध्ये गुलिट व व्हॅन बास्टेन यांनी दोन-दोन गोल वाटून घेतले. 1990 मध्येही चषक मिलाननेच राखला. त्या हंगामात 19 साखळी गोलांसह तो ‘कापोकानोनिएरे’ ठरला. इटालियन भाषेतील हा किताब सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळतो आणि त्याचा शब्दशः अर्थ तोफा डागणाऱ्यांचा म्होरक्या असा होतो; क्रिकेटने पळवण्याआधीच्या मूळ मराठी अर्थाने सांगायचे तर मुख्य गोलंदाज. इटालियन बचावाविरुद्ध 19 गोल हा आकडा ॲम्स्टरडॅममधल्या 37 पेक्षा अधिक वजनाचा आहे, हे त्या काळातील इटालियन सामन्यांत गोल कमी होत ही गोष्ट ध्यानी घेतल्यास पटावे.

1990-91 चा हंगाम 11 गोलांवर अडला, साक्कीशी बेबनाव वाढला, आणि शेवटी साक्की इटलीच्या राष्ट्रीय संघाकडे जाऊन त्याच्या जागी फाबियो कापेल्लो आला. कापेल्लोने बचावाची घडी तशीच ठेवली पण आघाडीला मोकळीक दिली. परिणामी 1991-92 मध्ये मिलान साखळीत एकही सामना हरले नाही आणि व्हॅन बास्टेनने 31 सामन्यांत 25 गोल केले, जो त्याचा इटलीतील सर्वोत्तम हंगाम होय. 1992 च्या हेमंतात तर तो कारागिरीच्या शिखरावर होता: नोव्हेंबरात नापोलीविरुद्ध चार गोल, आणि 25 नोव्हेंबरला स्वीडनच्या गोटेबोर्गविरुद्ध पुन्हा चार, ज्यामुळे नव्याने सुरू झालेल्या चॅम्पियन्स लीगच्या एकाच सामन्यात चार गोल करणारा तो पहिला खेळाडू झाला. डिसेंबरमध्ये तिसरा सोनेरी चेंडू जाहीर झाला. त्याच डिसेंबरमध्ये घोट्यावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली.

यानंतरच्या भागाचे वर्णन करताना चरित्रकार बहुधा दुर्दैवाचा आधार घेतात. परंतु दुर्दैवाइतकीच येथे व्यवस्थाही कारणीभूत होती. मिलानकडे त्या हंगामात सहा परदेशी खेळाडू होते आणि मैदानावर उतरू शकत होते फक्त तीन. म्हणजे बाहेर बसलेला प्रत्येक परदेशी खेळाडू आपली जागा दुसऱ्याच्या हाती जाताना पाहत होता, आणि अशा स्पर्धेत पूर्ण बरे होईपर्यंत थांबणे कोणालाच जमत नव्हते. मैदानावरचे नियमही आघाडीवीराच्या बाजूचे नव्हते. पाठ गोलाकडे करून चेंडूची वाट पाहणाऱ्या आघाडीवीराच्या घोट्यांवर मागून घातलेला टॅकल हा पहिल्या वेळी बहुतेक पंच समजावणीवर, फार तर पिवळ्या कार्डावर, सोडून देत, आणि बचावपटूंना हे ठाऊक असल्याने पहिला टॅकल मुद्दाम सामन्याच्या सुरुवातीलाच होई. चेंडू पायाशी थांबवून साथीदाराची वाट पाहण्याची जी कला व्हॅन बास्टेनला अयाक्सने शिकवली होती, तीच त्याला दर सामन्यात या घावांसमोर उभी करत होती.

1992-93 मध्ये त्याने साखळीचे केवळ 15 सामने खेळून 13 गोल केले. 26 मे 1993 रोजी चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना मार्सेलविरुद्ध झाला, तो म्युनिकच्या त्याच ऑलिंपिक मैदानावर, जिथे पाच वर्षांपूर्वी दासायेवच्या डोक्यावरून तो चेंडू गेला होता. परदेशी खेळाडूंच्या मर्यादेमुळे गुलिट प्रेक्षकांत बसला होता. मिलान 0-1 असे हरले, आणि सामना संपण्यास काही मिनिटे उरली असताना व्हॅन बास्टेनला बाहेर घेण्यात आले. हा त्याचा शेवटचा अधिकृत सामना ठरला, मात्र हे त्या वेळी कोणालाही माहीत नव्हते, आणि अठ्ठावीस वर्षांच्या खेळाडूबाबत तसा तर्क करण्याचे कारणही नव्हते. आणखी एक शस्त्रक्रिया झाली, दोन हंगाम उपचारांत गेले, अनेक वैद्यांचे परस्परविरोधी सल्ले झाले, घोट्याची हाडे एकमेकांपासून दूर ओढून धरणारी धातूची चौकटही पायाला बसवून पाहिली गेली. सांध्यात कूर्चाच उरली नव्हती. मिलानसाठी त्याचा साखळीतील हिशेब 147 सामने आणि 90 गोल इतक्यावर थांबला.

17 ऑगस्ट 1995 रोजी, एकतिसावा वाढदिवस अडीच महिन्यांवर असताना, त्याने निवृत्ती जाहीर केली. चारच महिन्यांनी, 15 डिसेंबरला, युरोपीय न्यायालयाने बेल्जियमच्या जाँ-मार्क बॉसमन या खेळाडूच्या दाव्यात असा निकाल दिला की करार संपलेल्या खेळाडूसाठी जुन्या क्लबाला मोबदला मागता येणार नाही आणि युरोपीय संघातील नागरिकांवर परदेशी म्हणून संख्येची मर्यादाही घालता येणार नाही. 1998 च्या फ्रान्समधील विश्वचषकापासून मागून केलेल्या धोकादायक टॅकलला थेट लाल कार्ड, म्हणजे हकालपट्टी, दाखवण्याचा आदेश पंचांना मिळाला.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी मिलानच्या सान सिरो मैदानावर युव्हेंटसविरुद्ध बेर्लुस्कोनी कुटुंबाच्या नावाने दरवर्षी होणारा उन्हाळी सामना ठरलेला होता. तो सुरू होण्याआधी व्हॅन बास्टेन जीन्स आणि मऊ कातड्याचे जाकीट अशा साध्या पोशाखात मैदानावर आला आणि टाळ्या वाजवत त्याने प्रेक्षकांसमोरून एक फेरी मारली. बाकावर बसलेल्या कापेल्लोच्या डोळ्यांतील पाणी कॅमेऱ्यांनी टिपले. मधल्या आघाडीवीराच्या जागेसाठी क्लबाने त्याच उन्हाळ्यात पॅरिसहून लायबेरियाचा जॉर्ज वेआ आणलेला होता. फेरी संपवून व्हॅन बास्टेन बाहेर पडला आणि सामना सुरू झाला.